पहिल्या केमोआधीचे पंधरा दिवस : इंदूरच्या मराठी घरांसाठी मार्गदर्शन

बायोप्सीचा अहवाल हाती येतो, डॉक्टर केमोथेरपी सांगतात, पहिली तारीख ठरते आणि घरात धावपळ सुरू होते. पैशांची जुळवाजुळव, नातेवाइकांचे फोन, कोणी सुचवलेला काढा, कोणाचा मुंबईला जाण्याचा आग्रह, या सगळ्यात ते दहा-पंधरा दिवस निघून जातात आणि जी तयारी पुढे खरोखर उपयोगी पडली असती ती राहून जाते. २०१९ मध्ये आमच्या लोकमान्य नगरच्या घरी माझ्या थोरल्या जाऊबाईंची, आमच्या माईंची, स्तनाच्या कर्करोगासाठी केमो झाली. आधी दर तीन आठवड्यांनी चार डोस आणि मग आठवड्याला एक याप्रमाणे बारा. त्यानंतर ओळखीतल्या काही घरांबरोबर मी रुग्णालयात गेले आहे, आणि तीच ती चूक वेगवेगळ्या घरांत होताना पाहिली आहे. सगळे जण औषध चढवण्याच्या दिवसाची तयारी करतात. त्या दिवशी मात्र डॉक्टर, सिस्टर, औषधे सारे हाताशी असते. खरी तयारी करायची ती त्यानंतरच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांची, जेव्हा रुग्ण घरी असतो, मळमळ ओसरलेली असते, चेहरा बरा दिसू लागतो, पाहुण्यांना या म्हणावेसे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. पुढचे सगळे लेखन हा आठवडा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

पहिली पायरी : डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचे

दोनशे पानांची एक वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून पाच गोष्टी लिहून घ्या : औषधांची मूळ नावे, एका सायकलचे (म्हणजे एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंतच्या फेरीचे) दिवस, एकूण सायकली, उपचाराचा हेतू आणि रात्री-अपरात्री फोन करायचा क्रमांक. आपल्याकडे ‘कीमो लागली’, ‘सिटिंग झाली’ असे सर्रास म्हणतात, पण केमो हे काही एका औषधाचे नाव नाही. शंभरावर औषधे या एका शब्दात मोडतात आणि प्रत्येकाचे वागणे निराळे असते. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, पण आधी माहीत नसेल तर घरातल्यांचे धाबे दणाणते. ऑक्झालिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस गार पाणी प्यायले किंवा फ्रीजमधली बाटली हातात धरली, तर घशात आणि बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना जड जाते, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर बरेच सलाईन देतात. पॅक्लिटॅक्सेलने ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ते सुरू करण्याआधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शने देतात. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होते. शेजारच्या काकूंना काय झाले यावरून आपल्या माणसाला काय होईल हे ठरत नाही, ते याच कारणाने. त्यांचे औषध वेगळे असते.

हेतू विचारायला लोक कचरतात, तरी विचारावा. केमो शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करण्यासाठी आहे, शस्त्रक्रियेनंतर उरल्यासुरल्या पेशींसाठी आहे, की आजार पूर्ण बरा होण्यासारखा नसताना त्रास कमी करून आयुष्य वाढवण्यासाठी आहे, हे कळले म्हणजे पुढचे निर्णय शहाणपणाने घेता येतात.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. आपल्या घरांत ‘त्यांना सांगू नका, खचतील’ असे ठरवून रुग्णाला ‘ताकदीचे सलाईन’ म्हणून केमो देण्याचे प्रकार अजूनही होतात. हे करू नये. संमतिपत्रावर सही रुग्णाची असते, हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिरेत जळजळ होते आहे, थंडी वाजते आहे, तोंडात फोड आला आहे, हे पहिल्यांदा कळते ते फक्त रुग्णालाच, आणि आपल्याला काय दिले जात आहे हे ठाऊक असलेला माणूसच ते वेळेवर सांगतो. इंदूरचे बहुतेक डॉक्टर हिंदीतून समजावतात आणि संमतिपत्र हिंदी किंवा इंग्रजीत असते. घरातल्या आजी-आजोबांची बाहेरची हिंदी चांगली असली तरी आजाराचे बोलणे मराठीतच नीट उतरते; म्हणून डॉक्टरांसमोरून उठण्याआधी एकाने ते मराठीत पुन्हा सांगावे आणि रुग्णाला काय समजले हे त्याच्याच तोंडून ऐकावे.

दुसरी पायरी : तपासण्या आणि फाइल

केमोआधी सहसा रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाचे काम, साखर, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्या चाचण्या सांगतात. हिपॅटायटिस बीच्या चाचणीला ‘आम्हाला कशाला ती’ म्हणून टाळू नका. अनेक वर्षांपूर्वी नकळत होऊन गेलेला हा विषाणू शरीरात दबून बसलेला असू शकतो आणि केमोने प्रतिकारशक्ती घटली की उसळून यकृत निकामी करू शकतो. आधी कळले तर रोज एका गोळीने त्याला आवर घालता येतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांआधी हृदयाचा टू-डी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) लागतो, कारण या औषधांचा हृदयावर परिणाम होतो आणि आयुष्यभरात मिळून किती मात्रा द्यायची याला मर्यादा असते. पूर्वी कधी केमो झाली असेल तर तिचे कागद म्हणूनच मोलाचे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीची गर्भधारणेची चाचणीही करतात.

उंची आणि वजन मोजणे ही नुसती औपचारिकता नाही. बहुतेक केमोची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून, चौरस मीटरमध्ये, काढतात. उंची ‘अंदाजे पाच फूट’ सांगू नका, मोजून घ्या. आणि दोन सायकलींमध्ये वजन बरेच घटले असेल, तर ते आपणहून सांगा.

फाइल एकच असावी आणि ती तारखेप्रमाणे लावलेली असावी. बायोप्सीचा अहवाल, त्याच गाठीच्या तुकड्यावर केलेली जोडचाचणी (आयएचसी), स्कॅन, इको, रक्ताचे अहवाल, विमा किंवा आयुष्मान कार्डाची प्रत, आधार आणि चालू औषधांची यादी. माईंच्या पहिल्या केमोच्या दिवशी सकाळी आठला बोलावले होते. आम्ही पावणेआठला हजर होतो आणि औषध सुरू झाले दुपारी तीनला, कारण हिपॅटायटिसचा अहवाल घरी कपाटावर राहिला होता आणि प्रयोगशाळेचा फोन कोणी उचलत नव्हते. सात तास त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या त्या. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे : फाइल आदल्या रात्री उघडायची आणि एकेक कागदावर बोट ठेवून वाचायची.

तिसरी पायरी : जे नंतर करता येत नाही ते आधी

काही कामे केमो सुरू झाल्यावर करता येत नाहीत किंवा धोक्याची ठरतात. दातांचे डॉक्टर हे त्यातले पहिले नाव. किडलेला दात, हलणारे मूळ, सुजलेली हिरडी, यांचा एरवी जो साधा त्रास असतो तो पांढऱ्या पेशी घटल्यावर रक्तात जंतू जाण्याचा दरवाजा ठरतो. दात काढायचा असेल तर जखम भरायला एक-दोन आठवडे मिळतील अशा बेताने काढावा. कवळी सैल असेल तर तीही बसवून घ्यावी, कारण ती घासून तोंडात फोड येतात.

तरुण रुग्णांच्या घरी मूल होण्याचा विषय कोणी काढत नाही आणि डॉक्टरही घाईत विसरतात. केमोने बीजकोश आणि शुक्राणू दोन्हींना इजा होऊ शकते. पुरुषाचे वीर्य गोठवून ठेवणे दोन-तीन दिवसांचे काम आहे. स्त्रीची बीजे किंवा भ्रूण गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढे थांबणे सुरक्षित आहे की नाही हे कर्करोगाचे डॉक्टरच सांगू शकतात. अविवाहित मुलगा किंवा मुलगी असेल तर आई-वडिलांनी संकोच बाजूला ठेवून स्वतः विचारावे. उपचार चालू असताना गर्भ राहू नये याची काळजीही घ्यावी लागते.

लसींबद्दल विचारा. निष्क्रिय फ्लू लस शक्यतो दोन आठवडे आधी घेतात. जिवंत विषाणूंच्या लसी केमोच्या काळात घेत नाहीत.

मग प्रश्न येतो शिरेचा. हाताच्या शिरा बारीक असतील, सायकली जास्त असतील किंवा औषध शिरेबाहेर सांडले तर कातडी जाळणारे असेल, तर डॉक्टर केमो पोर्ट सुचवतात. नाण्याएवढी एक डबी गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवतात आणि तिची नळी मोठ्या शिरेत जाते. नाव ऐकून माणूस घाबरतो. आमच्या माईही नको म्हणाल्या होत्या. चौथ्या डोसाला दोन्ही हात काळेनिळे झाल्यावर त्या स्वतः ‘ते बसवून टाका’ म्हणाल्या. पोर्ट आत असेपर्यंत काही आठवड्यांनी तो धुऊन घ्यावा लागतो, त्याची तारीख वहीत लिहावी. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सुई लावू देऊ नका, रक्तदाबही त्या हातावर मोजू देऊ नका.

केसांचे काय, हा प्रश्न बायका हळूच विचारतात. सगळ्या औषधांनी केस जात नाहीत. ज्यांनी जातात त्यांत पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांत उशीवर, फणीत, न्हाणीच्या जाळीत गळायला लागतात. आधीच केस बारीक कापले तर तो धक्का कमी बसतो, आणि टोप घ्यायचा असेल तर केस असतानाच त्यांचा रंग-पोत जुळवून घ्यावा. माईंनी नऊवारीच्या जुन्या मऊ लुगड्याचे चौकोनी रुमाल शिवून घेतले होते. विकतचे नायलॉनचे स्कार्फ टाळूला टोचतात, हे त्यांचे म्हणणे पुढे सगळ्यांना पटले.

चौथी पायरी : चालू औषधे आणि काढे

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळ्याची यादी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींनी विशेष जपावे : मळमळ रोखायला जे डेक्सामेथासोन देतात त्याने साखर दोन-तीन दिवस एकदम वर जाते, म्हणून घरी ग्लुकोमीटर हवा आणि गोळ्या किंवा इन्सुलिन कसे बदलायचे हे आधी विचारून ठेवावे.

काढ्यांबद्दल मी स्पष्ट बोलते, कारण यावरून घरांत भांडणे होतात. केमो चालू असताना गुळवेल, कोरफडीचा रस, कुठल्याशा वैदूचे चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल यांतले काहीही डॉक्टरांना न सांगता देऊ नका. आमटी-भाजीतली हळद चालते. कॅप्सूलमधली हळद हे औषध आहे. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. केमोचे औषध पुष्कळदा यकृतातूनच निघून जायचे असते. यकृत बिघडले की पुढचा डोस लांबतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्यामुळे ‘डॉक्टरांना विचारून मग घेऊ’ एवढेच म्हणावे आणि बाटली बाजूला ठेवावी.

पाचवी पायरी : पैसे

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या सर्वांना उत्पन्न न पाहता यात घेतले आहे. त्यामुळे ‘आपण मध्यमवर्गीय, आपल्याला कसले आयुष्मान’ असे म्हणणाऱ्या घरांनीही आजोबांचे कार्ड काढून ठेवावे. मदत क्रमांक १४५५५. रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटा, कारण प्रत्येक टप्प्याला पूर्वमंजुरी लागते. खासगी विमा असेल तर डे-केअर केमो (त्याच दिवशी घरी सोडतात ती), पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने आणि महागडी लक्ष्यवेधी औषधे त्यात धरलेली आहेत का, हे लेखी विचारा.

शहरात खासगी केंद्रे बरीच आहेत आणि एम. वाय. हॉस्पिटलजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, जिथे धार, झाबुआ, खरगोन, देवासपासून रुग्ण येतात. दुसरे मत घ्यायला मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणे योग्यच, पण मत तिथले आणि केमो इथे, असे करता येते का हे दोन्हीकडे विचारा. दर एकवीस दिवसांनी प्रवास करणे आणि नवव्या दिवशी ताप आला तेव्हा अनोळखी शहरात खोली शोधत असणे, यांत रुग्ण फार थकतो. जायचेच असेल, तर कर्करुग्णाला उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत असते. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातला दाखला डॉक्टरांकडून भरून घ्यावा.

सहावी पायरी : घर

खोली वेगळी असली तर उत्तम, नसली तरी अंथरूण-पांघरूण, टॉवेल, पेला वेगळा ठेवावा. औषध घेतल्यानंतर साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटी यांतून त्याचा अंश बाहेर पडतो, म्हणून त्या दोन दिवसांत संडासाचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, कपडे वेगळे धुवावेत आणि साफसफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला देऊ नये. रुग्णाला हात लावायला, जवळ बसायला, नातवंडांनी मिठी मारायला काहीच हरकत नाही. कर्करोग संसर्गाने होत नाही, आणि वाळीत टाकल्यासारखे वागवले गेलेले माणूस जेवणही सोडते.

पाण्याकडे लक्ष द्या. आपल्याकडे नर्मदेचे पाणी बहुधा एक दिवसाआड येते आणि टाकीत साठते. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून गार करावे आणि त्याच दिवशी संपवावे.

खाण्याच्या बाबतीत इंदूरमध्ये राहणे ही परीक्षाच आहे. सकाळी कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणायची आणि रात्री सराफ्यात एक फेरी मारायची, अशी जिभेला सवय. केमोच्या महिन्यांत बाहेरचे बंद : पाणीपुरी, चाट, उसाचा रस, बर्फाची शिकंजी, कापून ठेवलेली फळे, रस्त्यावरचे दही. घरचे पोहे मात्र अवश्य करा, वरून शेव आणि जीरावन मसाला घालू नका, तोंड आलेले असेल तर ते निखाऱ्यासारखे लागते. भुट्ट्याचा कीस घरी दुधात शिजवलेला, मऊ खिचडी, वरण-भात, चांगले उकडलेले अंडे, पनीर, उकळलेल्या दुधातली नाचणीची खीर, असे शिजवलेले, ताजे आणि प्रथिने असलेले अन्न थोडे-थोडे दिवसातून सहा वेळा द्यावे. कच्ची कोशिंबीर काही महिने बाजूला ठेवून काकडी-गाजर वाफवून घ्यावे. जाड सालीची फळे धुऊन घरी सोलून चालतात. तोंडाला धातूची चव लागते अशी तक्रार असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा द्यावा. आवडता पदार्थ पहिल्या दोन दिवसांत देऊ नका, असेही मी सांगते. माईंनी मळमळीच्या दिवशी श्रीखंड खाल्ले आणि त्यांना पुढे तीन वर्षे श्रीखंडाचा वास सहन झाला नाही.

सातवी पायरी : औषध चढवण्याचा दिवस

हलका नाश्ता करून जावे; उपाशी जायची गरज नसते, डॉक्टरांनी तसे सांगितले नसेल तर. ढिल्या बाहीचा कपडा, पोर्ट असेल तर पुढून उघडणारा. बांगड्या, अंगठी घरी ठेवा, हात सुजू शकतो. बरोबर पांघरूण, उकळलेले पाणी, वही, फोनचा चार्जर आणि एकच माणूस. तीन-तीन नातेवाईक सोबत आले की वॉर्डात सगळ्यांचीच अडचण होते.

सुई लावल्यावर सिस्टरांनी पिशवीवरचे नाव आणि औषध वाचून दाखवावे, नसेल तर विनंती करावी. औषध जात असताना सुईच्या जागी जळजळ, टोचणी, सूज, लाली यांतले काहीही जाणवले, तर त्या क्षणी सांगायचे. ‘त्या कामात आहेत, संपू दे हे’ असे म्हणायचे नाही, कारण काही औषधे शिरेबाहेर गेली तर कातडीला खोल जखम होते. छातीत दडपण, श्वास लागणे, अंगावर गांधी उठणे, पाठीत अचानक दुखणे हेही तत्काळ सांगावे. हे पहिल्या काही मिनिटांतच होण्याचा संभव जास्त.

निघताना उलटीच्या गोळ्यांचे वेळापत्रक समजून घ्या. उलटी झाल्यावर घेण्यापेक्षा न झालेली रोखणे सोपे असते. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तीन-चार दिवसांच्या गोळ्या बरे वाटले तरी वेळेवर घ्याव्यात. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने शौचाला कडक होते, त्यासाठी सारक काय घ्यायचे ते त्याच वेळी विचारावे. पांढऱ्या पेशी वाढवणारे, बरेच दिवस काम करणारे इंजेक्शन लिहून दिले असेल, तर ते केमोनंतर किमान २४ तासांनी घेतात आणि २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मे महिन्यात ते दुकानातून घरी आणताना बर्फाच्या पिशवीबरोबर थर्मासमध्ये आणा, पण बर्फाला चिकटवू नका, गोठले तर वाया जाते. इंजेक्शनानंतर हाडे दुखतात. त्यासाठी कुठली गोळी चालेल हे आधी विचारा, आपल्या मनाने वेदनाशामक घेऊ नका.

आठवी पायरी : सातवा ते चौदावा दिवस

आता त्या आठवड्याकडे येऊ. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते; कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातल्या आणि हाडांच्या मगजात रक्त बनवणाऱ्याही असतात. मगजातल्या जुन्या पेशी काही दिवस पुरतात, मग नव्यांची आवक थांबल्याचे दिसते आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी घसरतात. तेव्हा साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो आणि बाहेर दिसणारे लक्षण एवढेच असते : ताप.

घरात डिजिटल थर्मामीटर हवा, आणि तो उशाशी हवा, कपाटात नको. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहायचा. काखेत मोजलेले तापमान तोंडातल्यापेक्षा थोडे कमी येते, म्हणून रोज एकाच जागी मोजा आणि ती जागा वहीत लिहा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. तो आला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरले, तर त्याच वेळी रुग्णालयाला फोन करून निघायचे. सकाळची वाट पाहायची नाही. आणि निघण्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण ती ताप लपवते आणि जंतू तसेच राहतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या केमोनंतरच्या नवव्या दिवशी संध्याकाळी माई झोपाळ्यावर बसल्या होत्या, शाल घेऊन. मी चहा द्यायला गेले तेव्हा त्यांचा हात गरम लागला. थर्मामीटर १००.८ दाखवत होता. मी एक पॅरासिटामॉल दिली. तासाभरात ताप ९९ वर आला आणि आम्ही सगळे निर्धास्त जेवलो. रात्री दोन वाजता पलंगाच्या खडखडाटाने मला जाग आली. त्यांचे अंग हुडहुडीने हलत होते, ताप १०३ च्या घरात होता आणि ओठ कोरडे पडले होते. पहाटे भरती केले, न्यूट्रोफिल पेशी २०० सुद्धा नव्हत्या, सहा दिवस शिरेतून प्रतिजैविके चालली. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी शांतपणे विचारले, ‘शाम को क्यों नहीं आए?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. माई वाचल्या, तरी ते सात-आठ तास मी अजून मोजते.

म्हणून आधीच ठरवून ठेवा : रात्री गाडी कोण चालवेल, तो गावात नसेल तर दुसरा कोण, कोणत्या दाराने तातडीच्या विभागात शिरायचे, आणि तिथे गेल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे. ते वाक्य पाठ करा : ‘इनकी कीमो चल रही है, नौवाँ दिन है, बुखार है.’ दिवस कितवा ते बदलेल. अशा रुग्णाला पहिले प्रतिजैविक तासाभरात मिळायला हवे, आणि गर्दीच्या विभागात हे वाक्य न बोललेला रुग्ण साध्या तापाच्या रांगेत बसून राहतो.

या आठवड्यात पाहुणे नकोत. हे सांगणे घरातल्या सुनेवर टाकू नका, नाही तर नावे तिला ठेवली जातात. रुग्णाच्या मुलाने किंवा दिराने सगळ्यांना एकदाच कळवावे. गणपतीत दर्शनाला येणाऱ्यांची रांग, रंगपंचमीची गेर, लग्नाचे कार्यालय, हे सारे कॅलेंडरवर पाहून त्या तारखा आधीच खुणा करून ठेवा. ज्याला सर्दी-खोकला आहे तो घरचा असला तरी तोंडाला मास्क लावेल. हात धुण्यासाठी साबण खोलीच्या दाराशीच ठेवा.

तोंडासाठी मऊ ब्रश, आणि एक लीटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ. अल्कोहोल असलेले माउथवॉश नको. तोंड आल्याने पाणीही गिळवत नसेल, दिवसात अनेक पातळ जुलाब होत असतील, उलटी थांबत नसेल, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, दम लागत असेल, तर ताप नसला तरी फोन करायचा.

नववी पायरी : दुसऱ्या सायकलीआधी

ठरलेल्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी रक्त तपासतात. न्यूट्रोफिल साधारण १,५०० च्या आसपास किंवा वर आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील तर सहसा पुढचा डोस देतात. कमी असतील तर आठवडाभर थांबवतात. तारीख पुढे गेली म्हणून रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये, आणि पपईच्या पानांचा रस पाजून आकडे वाढवण्याची धडपड तर मुळीच करू नये. डॉक्टरांसमोर जाताना वही उघडी ठेवा : कोणत्या दिवशी किती उलट्या, किती जेवण, किती वजन, कोणत्या दिवशी तोंड आले, बोटांना मुंग्या कधी सुरू झाल्या, शर्टाची बटणे लावायला त्रास होतो का. यावरूनच ते उलटीचे औषध वाढवतात, मात्रा कमी करतात, पेशींचे इंजेक्शन जोडतात. ‘ठीक है साहब’ एवढेच सांगून उठलेल्या रुग्णाला पुढच्या वेळीही तोच त्रास सोसावा लागतो. माईंच्या दुसऱ्या डोसाच्या आधी आम्ही वहीतली ती नवव्या दिवसाची ओळ दाखवली. डॉक्टरांनी पेशींचे इंजेक्शन लिहून दिले, आणि पुढच्या तिन्ही सायकलींत थर्मामीटर ९९ च्या वर गेला नाही.